नेम, शिस्त आणि माशी

पेडगाव हे नाव उच्चारताच मराठी माणसाच्या मनात जी म्हण जागी होते ती या पेडगावची नव्हे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. वेड पांघरून ज्या पेडगावला जायचे ते भीमेच्या काठचे, श्रीगोंद्याजवळचे, बहादूरगडाचे पेडगाव. त्याच्या वाट्याला किल्ला आला, बखरींतले उल्लेख आले आणि एक अजरामर म्हणही आली. मी ज्या पेडगावाच्या निमित्ताने हे लिहायला बसलो आहे ते गोदावरीच्या खोऱ्यातले, परभणीहून मनमाडकडे निघालेल्या आगगाडीला काही वेळातच लागणारे, काळ्या कसदार जमिनीच्या सपाट शिवारात वसलेले गाव. बंदुकीचा इतिहास लिहिणारे सहसा किल्ल्यांच्या गावी जातात. परंतु मला बंदुकीपेक्षा तिच्या नळीवरच्या एका यःकश्चित अवयवाचे, म्हणजे जिला आपल्या लोकांनी 'माशी' असे चपखल नाव दिले त्या नेमखुणेचे, कुतूहल अधिक. आणि माशीचा इतिहास तटबुरुजांपेक्षा पिकांच्या शिवारातच अधिक सापडतो, अशी माझी समजूत आहे.

हल्ली त्या माशीची जागा एका लाल ठिपक्याने घेतली आहे. रायफलीवर बसवलेल्या बोटभर लांबीच्या नळकांड्यातून किंवा काचेच्या चौकटीतून पाहिले की समोरच्या दृश्यावर कुंकवाच्या टिकलीसारखा एक तांबडा ठिपका तरंगताना दिसतो. तो जिथे टेकेल तिथेच गोळी लागावी यासाठी ठिपका आणि गोळी यांचा जो मेळ घालावा लागतो, त्याला नेमबाज मंडळी 'झिरो करणे' म्हणतात. शब्द परका, वस्तू परकी. तथापि त्यामागची विवंचना तोडेदार बंदुकीइतकी जुनी आहे, आणि तिचा माग काढायचा तर प्रथम आपल्याच भाषेतील दोन शब्दांपाशी थांबावे लागते.

'नेम' हा त्यांतला पहिला. मूळ संस्कृत 'नियम'. नित्यनेम, नेमधर्म, एकादशीचा नेम ही त्याची घरंदाज रूपे. तोच शब्द बंदुकीच्या किंवा गोफणीच्या संदर्भात आला की लक्ष्याकडे रोखलेली दृष्टी असा त्याचा अर्थ होतो. दुसरा शब्द 'शिस्त'. हा फारसीतून आलेला. तेथील 'शस्त' म्हणजे अंगठा, आणि धनुष्याची प्रत्यंचा ओढताना अंगठ्यात घालायचे वलय. धनुर्धराच्या त्या वलयावरून शब्द नेमाकडे वळला, आणि मराठीत तो आला तेव्हा बाण किंवा बंदूक रोखणे हाच त्याचा अर्थ होता. जुन्या मराठीत शिस्त धरायची किंवा लावायची ती शत्रूवर, सावजावर. शाळेच्या हजेरीपटाशी, कवायतीच्या मैदानाशी आणि सरकारी कचेरीतील वक्तशीरपणाशी तिचा जो संबंध आज आपल्याला स्वाभाविक वाटतो तो पुष्कळ नंतरचा. एक शब्द संस्कृतातून आला, दुसरा फारसीतून. एक नियमाकडून नेमाकडे गेला, दुसरा नेमाकडून नियमाकडे. आणि दोघेही मराठीत मात्र एकाच घरात नांदू लागले. भाषाशास्त्री याला योगायोग म्हणतील. ज्याने एकदा तरी बंदुकीची माशी आणि गोळीची वाट यांची गाठ घालून देण्याचा खटाटोप केला आहे, त्याला मात्र तसे वाटणार नाही.

दख्खनच्या पठारावर बंदूक स्थिरावली ती तोडेदार बंदुकीच्या रूपाने. इंग्रज शस्त्रसंग्राहकांनी आपल्या ग्रंथांत हिंदुस्थानी बंदुकीचे जे 'टोराडोर' असे विचित्र नाव रूढ केले, ते आपल्या 'तोडेदार' शब्दाचेच साहेबी उच्चारण होय. नळीत दारू घालावी, वर गोळी सोडावी, गजाने ठासावी, कानाशी रंजक भरावी आणि पेटता तोडा त्या रंजकेवर टेकवावा, असा तिचा एकंदर संस्कार. त्यात वेळ फार जाई, आणि रंजक पेटल्यापासून बार उडेपर्यंतचा क्षणार्ध हाताला कंप सुटायला पुरेसा असे. तरीही हिंदुस्थानी कारागिरांनी या बंदुकांवर नळीच्या तोंडाशी माशी आणि डोळ्याकडच्या अंगाला खाचेची किंवा भोकाची मागली खूण बसवली होती. युरोपातील पायदळाच्या बंदुकांना मागली खूण बराच काळ नसे. रांगेने उभे राहून समोरच्या रांगेवर एकवट गोळ्या झाडायच्या, तिथे एकेकाच्या नेमाला काय किंमत! आपल्याकडचा बंदूकची मात्र बहुधा एकटा, आडोशाला बसून, सावकाश नेम धरणारा होता. पुढे फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली कवायत शिकलेले गाडदी शिपाई निजामाच्या चाकरीतून पेशव्यांच्या चाकरीत आले आणि युरोपीय पद्धतीचा एकवट मारा इकडेही सुरू झाला. उदगीरची १७६० सालची लढाई आणि राक्षसभुवनची १७६३ सालची लढाई या दोन्ही परभणीपासून फार लांब नसलेल्या मुलखात झाल्या. त्यांचा इतिहास इतरत्र विपुल आहे, म्हणून मी तो येथे सोडून देतो.

सोडून देण्याचे दुसरेही कारण आहे. लढाईच्या वर्षांपेक्षा शिवाराची वर्षे अधिक. जोंदळा हुरड्यात आला, हरभऱ्याला घाटे धरले, की काळ्या जमिनीच्या त्या विस्तीर्ण सपाटीवर हरणांचे कळप उतरायचे, रात्री रानडुकरे यायची, आणि मराठवाड्यात जिला रोही म्हणतात ती नीलगाय उभ्या पिकातून धावत सुटायची. पिकात माळा बांधून केलेली जागल, गोफण आणि तिचा गुंडा, डबा बडवणे, आरोळ्या देणे ही शेतकऱ्याची पिढीजात शस्त्रे. फासेपारध्याला तर बंदुकीची गरजच नव्हती. काळविटाची वाट ओळखून त्याने मांडलेला फास हा असा नेम होता की ज्यात डोळा आणि सावज एका रेषेत येण्याचे कारणच पडत नसे. गावात एखादी ठासणीची बंदूक असली तर ती पाटलाच्या किंवा देशमुखाच्या वाड्यात, खुंटीला टांगलेली. तिचा उपयोग सावज पाडण्यापेक्षा बार काढून कळप उधळण्याकडे अधिक.

अशा बंदुकीचा नेम चुकत असेल तर काय करायचे? येथे माशीचे गणित उलटे आहे, आणि ते उलटे असल्यामुळे पुष्कळांची फजिती झालेली आहे. गोळी खाली लागत असेल तर माशी कानशीने घासून ठेंगणी करायची. कारण माशी ठेंगणी झाली की तिला खाचेच्या पातळीला आणण्यासाठी नळीचे तोंड किंचित वर उचलावे लागते आणि गोळी वर चढते. गोळी डावीकडे जात असेल तर माशीही डावीकडेच सरकवायची. चूक ज्या बाजूला, माशी त्याच बाजूला, हे तत्त्व कोणाही सरळबुद्धीच्या माणसाला प्रथमदर्शनी पटत नाही. आणि कानस ही अशी वस्तू की तिने घासलेले परत आणता येत नाही. लोहाराचा हात एक-दोनदा जास्त फिरला की बंदूक जन्मभर वर मारणार. अशी बंदूक मग सावजाच्या पायांवर रोखायची, आणि तिचा हा स्वभाव बापाने मुलाला सांगून ठेवायचा. जिथे बंदुकीला वळण लावणे साधत नाही, तिथे माणूस स्वतःला वळण लावून घेतो.

पुढे निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याने १८६५च्या सुमारास निजामाच्या राज्यात, म्हणजे परभणीच्या या मुलखातही, जिल्हाबंदी (जिल्ह्यांची आखणी) केली, अव्वल तालुकदार नेमले, तहसिलींची दप्तरे उभी राहिली. आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाड ते हैदराबाद अशी मीटरमापी आगगाडी धावू लागली. याच काळात काडतुसाच्या रायफली सरंजामदारांच्या आणि साहेबलोकांच्या हाती आल्या. सहावे निजाम महबूब अली खान हे स्वतः नामांकित शिकारी होते. परंतु वाघांची ती राजेशाही शिकार पूर्वेकडच्या जंगलमुलखातली. परभणीचा प्रदेश उघडा, माळरानाचा. तिथले सावज काळवीट. उघड्यावरचे काळवीट माणसाला जवळ येऊ देत नाही, म्हणून लांबचा नेम, आणि लांबच्या नेमासाठी मागल्या खुणेला बिजागरीवर उभी-आडवी होणारी पाने: एक पन्नास यार्डांचे, एक शंभरांचे, एक दोनशेंचे. विलायतेतील नामांकित कारखानदार ही पाने गिऱ्हाइकाच्या रायफलीवर प्रत्यक्ष गोळ्या झाडून घासून देत, आणि दुनळी रायफलीच्या दोन्ही नळ्यांच्या गोळ्या ठरावीक अंतरावर एकत्र याव्यात म्हणून नळ्यांमधली पाचर पुन्हा पुन्हा बदलून त्यांची जुळणी करीत. किमतीचा मोठा हिस्सा पोलादाचा नसून या जुळणीचा असे.

रात्री मात्र ही सारी कारागिरी निष्फळ ठरे. काळी माशी काळोखात दिसणार कशी? हस्तिदंती माश्या निघाल्या. आणि ज्यांच्यापाशी त्या नव्हत्या त्यांच्यासाठी माशीवर मेणाने कापसाचा लहानसा पुंजका चिकटवण्याचा तोडगा जुने शिकारी सांगत. परभणी हा कापसाचा मुलूख. सरकीपासून वेगळ्या केलेल्या बोटभर रुईने चांदण्यात दिसणारा तो पांढरा ठिपका हाच माझ्या मते आजच्या लाल ठिपक्याचा खरा पूर्वज होय.

तरी एक अडचण कापसाने सुटण्यासारखी नव्हती, कारण ती बंदुकीची नसून डोळ्याची होती. मागली खाच हातभर अंतरावर, माशी त्याच्या पुढे, आणि लक्ष्य शंभर पावलांवर. या तिन्हींवर डोळ्याला एकाच वेळी दृष्टी ठरवता येत नाही. एक स्पष्ट दिसले की उरलेली दोन धूसर. तरुण डोळा झपाट्याने मागेपुढे होऊन वेळ मारून नेतो. चाळिशी उलटली की ती लवचिकता जाते आणि खाच पुसट होत होत एके दिवशी नाहीशी होते.

यावरचा उपाय शोधणारा गृहस्थ शिकारी नव्हता, खगोलयंत्रे घडविणारा होता, आणि येथे आपल्या प्रदेशाच्या इतिहासाशी एक विलक्षण धागा जुळतो. डब्लिनचा सर हॉवर्ड ग्रब याने १९०० साली एका नव्या नेमयंत्राचे पेटंट घेतले. एका काचेवर प्रकाशमान खूण परावर्तित करायची, परंतु ती भिंगातून अशा रीतीने पाठवायची की तिचे किरण समांतर व्हावेत आणि ती खूण अनंत अंतरावर, म्हणजे ताऱ्यांच्या ठिकाणी, असल्याचा डोळ्याला भास व्हावा. मग खूण आणि लक्ष्य दोन्ही एकाच दृष्टीने स्पष्ट दिसतात. डोळा किंचित इकडेतिकडे सरकला तरी खूण लक्ष्यावरून ढळत नाही. मागल्या खाचेची गरजच संपते. आता याच ग्रबच्या कारखान्यातील पंधरा इंची दुर्बीण नवाब जफरजंग यांनी हैदराबादसाठी घेतली. १९०१ साली त्यांनी स्थापिलेली वेधशाळा पुढे १९०८ साली निजाम सरकारच्या ताब्यात गेली आणि निजामिया वेधशाळा म्हणून नावारूपास आली. म्हणजे परभणीचे शेतकरी ज्या सरकारात शेतसारा भरीत होते त्याच्या राजधानीत, लाल ठिपक्याच्या आद्य जनकाच्या हातची दुर्बीण आकाशाचा वेध घेत होती. 'वेध' हा शब्दही पाहा: ताऱ्याचा वेध आणि बाणाने केलेला वेध. शब्दांच्या मागे लागण्याची ही खोड मला आवरत नाही, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

ग्रबची युक्ती लढाऊ विमानांवर आली ती पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस. दुसऱ्या महायुद्धात तर ती सर्वत्र झाली. खांद्यावरच्या रायफलीला पेलेल असा टिकाऊ आणि लहान दिवा मात्र अर्धवाहकाचा लाल दिवा (एलईडी) निघेपर्यंत मिळाला नाही. १९७५ साली स्वीडनमधील एमपॉइंट या कंपनीने तो बसवून पहिले विजेचे नेमयंत्र विकायला काढले, आणि त्याचे पहिले गिऱ्हाईक सैन्य नसून तिकडचे शिकारी होते. धावत्या जनावरावर दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येणे, हा त्यांना गवसलेला लाभ. अमेरिकेच्या सैन्याने ते घाऊक प्रमाणात घेतले १९९७ नंतर.

असा ठिपका रायफलीवर बसवला म्हणजे काम झाले असे नवशिक्याला वाटते, आणि तिथेच फसगत होते. ठिपका दाखवतो ती नजरेची रेषा, ती सरळ. गोळीची वाट सरळ नसते. सेकंदाला सहाशे मीटर वेगाने सुटलेली गोळी, हवेचा अडथळा घटकाभर विसरला तरी, शंभर मीटर जाण्यास सेकंदाचा सहावा हिस्सा घेते आणि तेवढ्या अवधीत पृथ्वी तिला सुमारे साडेतेरा सेंटिमीटर खाली ओढते. शिवाय ठिपका नळीच्या वर तीन-चार सेंटिमीटर बसलेला. म्हणून नळीचे तोंड नजरेच्या रेषेला किंचित उचललेले ठेवावे लागते. गोळी खालून येते, रेषेला एकदा छेदते, वर चढते, आणि पुढे उतरताना पुन्हा छेदते. झिरो करायचा म्हणजे यांपैकी कोणता छेद किती अंतरावर हवा हे ठरवून घ्यायचे. कोणत्याही रायफलीचा झिरो हा केवळ त्या अंतरापुरता आणि त्या काडतुसापुरता केलेला करार असतो; काडतूस बदलले की करार रद्द.

प्रत्यक्ष रीत सोपी, पण संयमाची. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची, म्हणजे हाताचा दोष वजा होतो. आधी जवळच्या, पंचवीस मीटरांच्या कागदावर तीन गोळ्या, एकाच बिंदूवर, घाई न करता. एका गोळीवरून काहीच ठरवायचे नाही. ती माणसाची चूक असू शकते. तिन्ही भोके जवळजवळ आली तर त्यांचा मध्य काढायचा आणि मध्यापासून नेमबिंदूपर्यंतचे अंतर मोजून यंत्राचे स्क्रू तितके फिरवायचे. भोकेच विखुरलेली असतील तर स्क्रूला हात लावायचा नाही. दोष यंत्राचा नसून घोडा ओढणाऱ्या बोटाचा किंवा श्वासाचा आहे, किंवा यंत्राची बैठकच सैल आहे. स्क्रू फिरवताना टकटक आवाज होतो, आणि प्रत्येक टकटकीला गोळीचा मारा कोनाच्या ठरावीक अंशाने सरकतो, बहुधा एक कला किंवा अर्धी कला.

कला! इंग्रज ज्याला मिनिट म्हणतो तो अंशाचा साठावा हिस्सा आपल्या ज्योतिषग्रंथांत कला या नावाने शतकानुशतके नांदतो आहे. वर्तुळाच्या ३६० अंशांच्या २१,६०० कला. आणि परीघ २१,६०० धरला तर त्रिज्या ३,४३८ येते, हे पाचव्या शतकाच्या अखेरीस आर्यभटाने 'ज्या'ची (साइनची) कोष्टके मांडताना गृहीत धरले होते. म्हणजे ३,४३८ सेंटिमीटरांवर, सुमारे चौतीस मीटरांवर, एक कला म्हणजे एक सेंटिमीटर. शंभर मीटरांवर सुमारे २.९ सेंटिमीटर. अर्ध्या कलेच्या टकटकीला तिथे गोळी दीड सेंटिमीटराहून किंचित कमी सरकते, आणि दोन कलांचा ठिपका जवळजवळ सहा सेंटिमीटर झाकतो. कानशीच्या काळात लोहार जे अंदाजाने करी ते आता अंकांनी होते, आणि चुकले तर टकटक मोजून परत फिरता येते. सुधारणा झाली ती मुख्यतः एवढीच, पण ती थोडी म्हणता येणार नाही.

मात्र हा ठिपका आपल्याकडे पोचला तोपर्यंत ज्या रायफलीवर तो बसवायचा ती शिकारी रायफलच इतिहासजमा झाली होती. १९४८च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९६० साली परभणी महाराष्ट्रात आली, १९५९चा शस्त्रकायदा १९६२ पासून अमलात आला. परवानाधारकाच्या वाट्याला आली ती सरकारी कारखान्यातील .३१५ बोअरची रायफल किंवा बारा बोअरची दुनळी, आणि खडकीच्या १८६९ साली स्थापन झालेल्या कारखान्याची काडतुसे. पुढे १९७२ साल उजाडले. मराठवाड्यात ते दुष्काळाचे साल म्हणून स्मरणात आहे. परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले ते त्याच वर्षी. आणि त्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. काळवीट पहिल्या परिशिष्टात गेले. किरकोळ शिकारीचे जे परवाने उरले होते तेही १९९१च्या दुरुस्तीने गेले. त्या म्हणीच्या पेडगावाच्या मुलखात, कर्जत तालुक्यातील रेहेकुरीला, १९८० साली काळविटांसाठी अभयारण्यही झाले.

कायदा झाला म्हणून हरणांनी पीक खाणे सोडले नाही. उभ्या पिकाला उपद्रव देणाऱ्या प्राण्याविषयी अर्ज, पंचनामा, वनखात्याची परवानगी, नुकसानभरपाई असा लांबलचक दप्तरी मार्ग आहे. कायद्याचा हेतू मला मान्य आहे, कारण ज्या माळावर चित्ता नामशेष झाला तिथे काळवीट उरले ते या कायद्यामुळे; पण रात्रभर जागल करून सकाळी तुडवलेला हरभरा पाहणाऱ्या माणसाला हे मान्य करायला लावणे दुष्कर आहे. आजही पुष्कळ ठिकाणी माळा, डबा आणि विजेरी एवढ्यावरच राखण चालते.

शिस्त मात्र रायफलीबरोबर नाहीशी झाली नाही. ती मैदानात गेली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिक स्पर्धेत कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या स्वप्नील कुसळे याने पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले. या खेळात लाल ठिपक्याला मज्जाव आहे. तिथे मागे बारीक भोक आणि पुढे वर्तुळाकार माशी, म्हणजे आपल्या जुन्या तोडेदार बंदुकीवरच्या भोकाचीच सुधारून वाढवलेली आवृत्ती. स्पर्धेपूर्वी प्रत्येकाला गुणांत न धरल्या जाणाऱ्या काही गोळ्या झाडू देतात. त्या दिवशीचा वारा, उजेड आणि काडतूस पाहून त्याने आपल्या खुणा टकटक सरकवून घ्यायच्या असतात.

या क्रियेला मराठी शब्द काय, असे पुण्यातील बालेवाडीच्या नेमबाजी मैदानावर कोणा मुलाला विचारले तर तो 'झिरो करणे' हेच सांगेल, आणि त्यात त्याचा दोष नाही. 'रायफलीला शिस्त लावणे' हा प्रयोग आपल्यापाशी कधीचाच तयार होता. आता तो वापरला तर ऐकणाऱ्याला वाटेल की रायफल वर्गात गडबड करीत होती आणि मास्तरांनी तिला बाकावर उभे केले.